हाताने चालते, आपोआप अडते

३१ मे २०२३ रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडी इथे, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बदल अधिकृत झाला. जिल्ह्यातल्या माणसांचे व्यवहार त्यामुळे अडले नाहीत. एसटीच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, ‘नगर’ म्हटले की कुठे उतरायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. २०११च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत या जिल्ह्याच्या नावाचे स्पेलिंग नेहमीच्या स्पेलिंगपेक्षा एका स्वराने वेगळे आहे, तेही वाचणारा सावरून घेतो. संगणकाला असे सावरून घेता येत नाही. ‘अहमदनगर’ नावाच्या फोल्डरमधून रोज रात्री आकडे उचलणाऱ्या प्रोग्रामला एके दिवशी तिथे ‘अहिल्यानगर’ नावाचे फोल्डर दिसले, तर तो थांबेल. किंवा त्याहून वाईट म्हणजे, काहीच सापडले नाही म्हणून रिकामा अहवाल तयार करील आणि काम पूर्ण झाल्याचे कळवील. हेच काम हाताने करणाऱ्या माणसाने क्षणभर पाहून योग्य फोल्डर उघडले असते आणि आपण काही दुरुस्त केले हे त्याच्या लक्षातही आले नसते. संगणकावर काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षे छळणाऱ्या एका तक्रारीचे मूळ अशा नकळत होणाऱ्या दुरुस्तीत आहे.

ती तक्रार अशी: ‘टर्मिनलवर कमांड चालते, तीच स्क्रिप्टमध्ये टाकली की चालत नाही.’ टर्मिनल म्हणजे काळ्या पडद्याची ती खिडकी, जिथे माणूस एकेक ओळ टाइप करून संगणकाला काम सांगतो. त्या ओळी वाचून अमलात आणणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. रोज त्याच ओळी टाइप करण्यापेक्षा त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. ती ठरलेल्या वेळी आपोआप चालवण्याचे काम लिनक्समध्ये बहुधा क्रॉन नावाचा प्रोग्राम करतो. पतसंस्थेचा रात्रीचा बॅकअप, दूध संघाची दिवसाची गोळाबेरीज, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या नोंदी मुख्य सर्व्हरवर पाठवणे, अशी कामे याच साधनांनी होतात. नगर, संगमनेर, लोणी, कोपरगाव, श्रीरामपूर इथे संगणकशास्त्र शिकणारी मुले या स्क्रिप्ट लिहायला प्रॅक्टिकलमध्ये शिकतात आणि ही तक्रार पहिल्यांदा तिथेच करतात. तिच्यावरचे नेहमीचे उत्तर म्हणजे काहीतरी बदलून पुन्हा चालवून पाहणे. माझे म्हणणे असे की ही वाट चुकीची आहे, कारण तक्रारच चुकीच्या शब्दांत मांडलेली असते. कमांड तीच असते, संगणक तोच असतो, बदललेला असतो तो भोवताल. टर्मिनलवर बसलेल्या माणसासोबत न सांगितलेली कितीतरी माहिती येते. स्क्रिप्ट ती माहिती न घेता निघते. तेव्हा दोष कमांडमध्ये शोधण्याऐवजी दोन्ही भोवताल समोरासमोर ठेवले, तर बहुतेक वेळा उत्तर दिसते.

हा भोवताल काल्पनिक नाही, तो यादी करून पाहता येतो. बेल लॅब्जमधून १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि त्याच आवृत्तीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची सोयही आली. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना त्याला नाव-किंमत जोड्यांची एक यादी मिळते: वापरणारा कोण, त्याचे घरचे फोल्डर कोणते, भाषा कोणती, प्रोग्राम कुठे कुठे शोधायचे. यातली शेवटची नोंद म्हणजे ‘पाथ’, आणि सर्वाधिक तक्रारी तिच्यापाशीच सुरू होतात. माणूस लॉगिन करतो तेव्हा त्याच्या घरच्या फोल्डरमधल्या काही फाइली वाचल्या जातात आणि पाथ लांबत जातो. नंतर बसवलेला डेटाबेस, स्वतः उतरवून घेतलेली पायथॉनची नवी आवृत्ती, ऑफिससाठी बनवलेली छोटी साधने, सगळ्यांचे पत्ते त्यात जमा होतात. क्रॉन यातले काही वाचत नाही. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर वापरकर्त्याच्या कामांसाठी तो जो पाथ देतो, त्यात फक्त दोन फोल्डर असतात. म्हणून टर्मिनलवर नुसते नाव टाइप केले की सुरू होणारा प्रोग्राम रात्री दोन वाजता ‘सापडत नाही’. कधी तो सापडतो, पण जुनी आवृत्ती सापडते, आणि हे जास्त धोक्याचे, कारण तक्रार उमटत नाही आणि उत्तर मात्र वेगळे येते. क्रॉन काम सुरू करतो तेही घरच्या फोल्डरमधून, आपण दुपारी ज्या फोल्डरमध्ये उभे राहून चाचणी घेतली तिथून नव्हे. ‘माझ्या शेजारची फाइल उघड’ एवढेच लिहिलेल्या स्क्रिप्टला मग तिथे शेजारीच वेगळे भेटतात.

दुसरा फरक वाचणाऱ्याचा. शेल एकच नाही. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली आणलेला बॅश हा लिनक्सवर टर्मिनलमध्ये भेटणारा नेहमीचा शेल. पण ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या उबुंटू ६.१०ने आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६ने ‘एसएच’ या जुन्या नावामागे बॅशऐवजी डॅश हा छोटा शेल ठेवला. कारण योग्य होते: डॅश हलका आहे, आणि संगणक चालू होताना शेकडो छोट्या स्क्रिप्ट वाचायच्या तर वेग लागतो. पण डॅशला फक्त प्रमाण शेलची भाषा कळते, बॅशने पुढे जोडलेल्या सोयी कळत नाहीत. दुहेरी चौकटी कंसातली तुलना किंवा यादी साठवणारे व्हेरिएबल त्याच्यापुढे ठेवले की तो अडतो. क्रॉन मूळ ठेवणीत एसएचच वापरतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कोणता शेल हवा हे लिहिण्याची पद्धत आहे, आणि ती ओळ लिहूनही विद्यार्थी फसतात, कारण ते फाइल चालवताना पुढे ‘एसएच’ टाइप करतात. असे केले की शेल कोणता हे तिथेच ठरून जाते आणि पहिली ओळ नुसती टीप उरते. मॅक वापरणाऱ्यांची अडचण आणखी एका प्रकारची. ऑक्टोबर २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून तिथल्या टर्मिनलमध्ये झेड-शेल असतो. व्हेरिएबलमधल्या मजकुरात मोकळी जागा आली तर झेड-शेल तो मजकूर अखंड ठेवतो, बॅश त्याचे तुकडे करतो. म्हणून ‘दूध हिशोब’ असे दोन शब्दी नाव असलेली फाइल मॅकच्या टर्मिनलवर उघडते आणि बॅशच्या स्क्रिप्टमध्ये ‘दूध’ व ‘हिशोब’ अशा दोन न सापडणाऱ्या फाइली होतात.

वेळेचा फरक मात्र सावकाश पाहायला हवा, कारण आपल्या देशाची प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि या साडेपाच तासांत ग्रामीण महाराष्ट्राची पहाट येते. भाड्याने मिळणारे क्लाउड सर्व्हर सहसा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले मिळतात, मग यंत्र मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये का असेना. काम करणारा माणूस आपल्या लॉगिनमध्ये भारतीय वेळ लावून घेतो. त्याला टर्मिनलवर तारीख-वेळ बरोबर दिसते, पण क्रॉनने चालवलेल्या स्क्रिप्टला ती सेटिंग मिळत नाही. आता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या दूध संकलन केंद्राचा विचार करावा. दुधात हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. संकलन सकाळ-संध्याकाळ होते, फॅट आणि एसएनएफ मोजून नोंद पडते आणि दुधाचा पगार अनेक ठिकाणी दहा दिवसांनी होतो. समजा, ११ तारखेला पहाटे सव्वापाचला पहिली किटली आली आणि दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या स्क्रिप्टने त्या नोंदीवर स्वतःच्या घड्याळाची तारीख घातली. जागतिक वेळेनुसार तेव्हा १० तारखेचे पावणेबारा वाजलेले असतात, रात्रीचे. ते दूध मागच्या पगारात गेले. साडेपाचनंतर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याची नोंद बरोबर पडेल, म्हणजे चूक फक्त लवकर येणाऱ्यांच्या वाट्याला येईल. दुपारी कुणी तपासायला बसले तर काहीच सापडणार नाही, कारण दुपारी दोन्ही घड्याळांची तारीख एकच असते. अशा वेळी शेतकऱ्याचे म्हणणे खोटे वाटते आणि संगणकाचे खरे. हे उदाहरण रचलेले आहे, पण त्यातले गणित नेमके आहे, आणि ज्या स्क्रिप्टमध्ये वेळेचा प्रदेश लिहिलेला नाही तिला ते लागू पडते.

भाषेचा फरकही मराठी माणसाला इंग्रजीपुरते काम करणाऱ्यापेक्षा लवकर आणि जास्त जाणवतो. ‘अहिल्यानगर’ या नावात किती अक्षरे? आपण म्हणू सहा: अ, हि, ल्या, न, ग, र. युनिकोडमध्ये वेलांटी, काना आणि पाय मोडणारा हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक आहेत, म्हणून तिथे हा शब्द दहा क्रमांकांचा. आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइट घेतो, म्हणून बाइट तीस. लिनक्सवर अक्षरे मोजणारी कमांड यूटीएफ-८ भाषा लावलेल्या टर्मिनलवर दहा सांगेल. स्क्रिप्टला भाषेची सेटिंग मिळाली नसेल, तर तीच कमांड तीस सांगेल. नाव अमुक लांबीवर कापायचे असेल तर ते अक्षराच्या मधोमध कापले जाऊ शकते आणि छापील यादीत तिथे चौकोन दिसतो. नावांच्या क्रमवारीतही असेच होते. सेटिंग नसली की शेल बाइटच्या क्रमाने लावतो: सगळी इंग्रजी कॅपिटल अक्षरे आधी, लहान नंतर, आणि मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर येणारा ‘ळ’ हा युनिकोडच्या क्रमाने ‘ल’च्या पाठोपाठ. हाताने क्रम लावलेली गावांची एक यादी आणि स्क्रिप्टने क्रम लावलेली दुसरी यादी जुळवायला घेतली तर जुळणी मध्येच सुटते. मराठीत माहिती ठेवण्याचा आग्रह आपण धरतो, तो धरायलाच हवा. पण त्याबरोबर स्क्रिप्टच्या सुरुवातीला भाषा आणि साठवण स्पष्ट लिहिण्याची शिस्तही आली पाहिजे.

बाकीचे फरक लहान आहेत, पण वेळ खाणारे. विंडोजवर लिहिलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचे अदृश्य चिन्ह असते. ते पहिल्या ओळीत शेलच्या नावाला चिकटते आणि असा शेलच नाही म्हणून लिनक्स हात वर करतो. टर्मिनलवर आपण बनवलेली टोपणनावे, म्हणजे एलियास, बॅशच्या स्क्रिप्टमध्ये मूळ ठेवणीत चालत नाहीत. दुसऱ्या सर्व्हरवर जाताना टर्मिनलवर एकदा दिलेला पासफ्रेज दिवसभर स्मरणात ठेवणारा सहायक प्रोग्राम क्रॉनच्या हाताशी नसतो. आणि क्रॉनच्या तक्त्यात टक्क्याच्या चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे, तिथे ओळ तुटते. बॅकअपच्या नावात तारीख घालायला हेच चिन्ह लागते, म्हणून टर्मिनलवर बिनचूक चाललेली ओळ क्रॉनच्या तक्त्यात चिकटवली की अर्धीच चालते.

हे सगळे विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलपुरते आहे असे कुणाला वाटेल, पण नावाजलेल्या संस्थांनीही यात मोठे नुकसान सोसले आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलर स्क्रिप्टमध्ये फाइलच्या पत्त्याभोवती अवतरणचिन्हे राहून गेली होती. डिस्कच्या नावात मोकळी जागा असलेल्या काही ग्राहकांचा डिस्कवरचा मजकूर पुसला गेला आणि कंपनीला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या खेळांच्या सॉफ्टवेअरमधल्या स्क्रिप्टची चूक उघड झाली. ती आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे आधी ठरवी आणि मग तिथले सगळे पुसण्याची कमांड देई. स्क्रिप्ट वेगळ्या प्रकारे सुरू झाली की फोल्डरचे नाव रिकामे राही आणि ‘त्या फोल्डरमधले सगळे’ याचा अर्थ ‘डिस्कवरचे सगळे’ असा होई. लिहिणाऱ्याने त्या ओळीच्या शेजारी हे भीतिदायक आहे अशी टीपही लिहिली होती, पण नाव रिकामे आहे का हे पाहणारी ओळ लिहिली नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर जुने लॉग पुसणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी सुधारलेली प्रत ठेवली गेली. बॅश स्क्रिप्ट पूर्ण वाचून मग सुरू करत नाही, वाचत वाचत चालवतो. त्यामुळे अर्धी जुनी आणि अर्धी नवी स्क्रिप्ट चालली, व्हेरिएबलला किंमतच मिळाली नाही आणि सुमारे ७७ टेराबाइट, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांना त्याची झळ बसली. या तिन्ही ठिकाणी लिहिणारे अनुभवी होते. त्यांच्या कमांडमध्ये व्याकरणाची चूक नव्हती. नाव असे असेल, सुरुवात अशी होईल, फाइल मध्येच बदलणार नाही, अशी न लिहिलेली गृहीतके होती.

मग शोध कसा घ्यावा? अंदाज बांधण्याआधी पुरावा गोळा करावा. टर्मिनलवर एन्व्हायर्नमेंटची यादी एका फाइलमध्ये काढावी, स्क्रिप्टच्या पहिल्याच कमांडने तीच यादी दुसऱ्या फाइलमध्ये काढावी आणि दोन्हींतला फरक दाखवणारी ‘डिफ’ ही कमांड चालवावी. पाथ, भाषा, वेळेचा प्रदेश, घरचे फोल्डर यांतला प्रत्येक फरक ओळीने समोर येतो. स्क्रिप्टने दिलेले उत्तर आणि दिलेली तक्रार या दोन वेगळ्या वाटांनी बाहेर पडतात, तेव्हा दोन्ही लॉगमध्ये वळवाव्यात. पुष्कळ जण फक्त उत्तर साठवतात आणि ज्या ओळीत कारण लिहिलेले असते तीच हरवून बसतात. ‘सेट’ या कमांडला ‘एक्स’ हा पर्याय दिला की शेल प्रत्येक ओळ चालवण्याआधी, व्हेरिएबलच्या जागी त्यांच्या खऱ्या किमती घालून, ती लिहून दाखवतो. रिकामे राहिलेले नाव किंवा तुटलेला पत्ता तिथे उघड दिसतो. ‘यू’ हा पर्याय दिला तर किंमत न दिलेले व्हेरिएबल वापरताच स्क्रिप्ट थांबते. आणि सगळ्यात उपयोगी चाचणी उलट बाजूने होते: ‘एन्व्ह’ कमांडला ‘आय’ पर्याय देऊन टर्मिनलवरच रिकामा भोवताल तयार करावा आणि त्यात स्क्रिप्ट चालवावी. रात्री दोन वाजता येणारा दोष मग दुपारी, चहाच्या वेळेला, डोळ्यांसमोर येतो. न लावलेली अवतरणचिन्हे आणि बॅशपुरत्या सोयी दाखवून देणारा शेलचेक नावाचा मोफत प्रोग्रामही आहे. तो भोवताल पाहत नाही, फक्त लिहिलेले वाचतो, पण आयट्यून्ससारखी चूक त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

यावर अनुभवी लोकांचा पहिला आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशाला? लॉगिनच्या वेळी वाचली जाणारी फाइल स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच वाचायला लावावी, म्हणजे टर्मिनलचा सगळा भोवताल स्क्रिप्टलाही मिळेल. हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, म्हणून तो पसरला आहे. पण उबुंटूवर बॅशची जी फाइल नव्या वापरकर्त्याला मिळते तिच्या सुरुवातीलाच तपासणी असते: समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. म्हणजे स्क्रिप्टने ती फाइल वाचली तरी पुढचे काहीच तिच्या हाती येत नाही, आणि याची सूचनाही मिळत नाही. ती तपासणी काढून टाकली तर अडचण वेगळी होते. एका माणसाच्या टर्मिनलच्या सवयी संस्थेच्या कामाचा पाया बनतात. त्याने उद्या आपल्या सोयीसाठी एक ओळ बदलली, किंवा नोकरी सोडली आणि त्याचे खाते बंद झाले, की पगाराची स्क्रिप्ट अडते. स्क्रिप्टला चार गोष्टी लागत असतील तर त्या चार तिच्यातच लिहाव्यात. नव्या माणसाला फाइल वाचून कळले पाहिजे की हिला चालायला काय लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्रॉनचा भोवताल एवढा तुटपुंजा आहे हाच दोष नव्हे काय, माणसाने यंत्राशी जुळवून का घ्यावे, यंत्राने माणसाचा भोवताल का देऊ नये? यातली तक्रार मला मान्य आहे. क्रॉनच्या तक्त्यातले टक्क्याचे चिन्ह, बारीक अक्षरांत दडलेले नियम, काही बिघडले तर यंत्रावर बहुधा बसवलेलाच नसलेल्या मेलने कळवण्याची जुनी रीत, यांचे समर्थन करता येत नाही. पण तुटपुंजेपणाच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये स्तेफान शाझेला यांना बॅशमध्ये सापडलेला दोष ‘शेलशॉक’ नावाने जाहीर झाला. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या किमतीत दडवलेला मजकूर बॅश कमांड म्हणून चालवत होता आणि काही वेबसर्व्हर बाहेरून आलेला मजकूर थेट अशा व्हेरिएबलमध्ये ठेवत. दोष सुमारे २५ वर्षे तिथे होता. भोवतालातून येणारी प्रत्येक गोष्ट प्रोग्रामवर परिणाम करते, चांगला किंवा वाईट. म्हणून कुणी पाहत नसताना, पुष्कळदा संपूर्ण यंत्राच्या अधिकाराने चालणाऱ्या कामाला मोजकाच भोवताल द्यावा हे धोरण शहाणपणाचे आहे. दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवू देणारा ‘सुडो’ही मूळ ठेवणीत बहुतेक व्हेरिएबल गाळून टाकतो, तो याच कारणाने.

तिसरे म्हणणे असे की शेलच सोडून द्या, पायथॉनमध्ये लिहा किंवा सगळे कंटेनरमध्ये बंद करा. पायथॉनमध्ये मोकळ्या जागेने नाव तुटण्यासारख्या चुका खरोखर कमी होतात, आणि स्क्रिप्ट शंभर-दोनशे ओळींच्या पुढे गेली की तिकडे वळावे हा सल्ला रास्त आहे. पण क्रॉनने सुरू केलेल्या पायथॉनलाही तोच पाथ, तेच घड्याळ आणि तेच सुरुवातीचे फोल्डर मिळते. आपल्या वेगळ्या जागी बसवलेल्या लायब्ररी त्याला सापडत नाहीत ही तक्रार आज तितकीच ऐकू येते. कंटेनर भोवताल सोबत बांधून नेतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र कंटेनरचे घड्याळही बहुधा जागतिक वेळेवर असते आणि त्यात मराठीची सेटिंग आपोआप येत नाही. शिवाय तालुक्याच्या पतसंस्थेत एका जुन्या संगणकावर चालणाऱ्या पंचवीस ओळींच्या बॅकअपला हा डोलारा परवडत नाही. साधन कोणतेही घ्या, गृहीतके लिहून काढण्याचे काम चुकत नाही.

म्हणून हा प्रश्न मला शिकवण्याचा वाटतो. अहिल्यानगर जिल्ह्यातली बहुतांश महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि प्रॅक्टिकलची रीत सगळीकडे साधारण सारखीच असते: प्रयोगशाळेत बसून स्क्रिप्ट लिहायची, तिथेच चालवायची, उत्तर वहीत उतरवायचे, सही घ्यायची. या रीतीत स्क्रिप्ट कायम लिहिणाऱ्याच्याच भोवतालात चालते, म्हणून तिच्यातले न लिहिलेले कधी उघडे पडत नाही. घरी शिकणाऱ्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि बॅशचे पाठ तयार केले आहेत, मराठीतूनही ऐकता येतात, मोफत आहेत. त्यांची मदत घेऊन कमांड शिकता येतील. पण भोवताल समजण्यासाठी स्क्रिप्ट आपल्या खुर्चीवरून उठवून परक्या जागी चालवावी लागते. प्राध्यापकांना विनंती आहे की एका तरी प्रॅक्टिकलची सही, शेजारच्या विद्यार्थ्याच्या खात्यावर, रिकाम्या भोवतालात, क्रॉनने स्क्रिप्ट चालवून दाखवल्यावरच द्यावी. आणि दूध संघ, पतसंस्था, कारखाने यांच्या संचालकांनी आपल्या संगणक विभागाला दोन प्रश्न लेखी विचारावेत: रात्री आपोआप चालणाऱ्या कामांची वेळ कोणत्या घड्याळाने ठरते, आणि शेवटचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून कधी पाहिला? उत्तराला तारीख नसेल, तर ती तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी.